पोस्ट ते पोस्ट

गुरुवारी तीनच्या आत सगळ्यांचे मैल
माझ्या टेबलावर पडायला हवेत.
ग्रँड आयलंडच्या या पत्र्याच्या ऑफिसात
एकोणीस वर्षं मी मैलांचे पैसे करते.
तासांचे नाही. तासांना आमच्याकडे रकाना नाही.

ऑर्विल कुचेरा ओमाहाहून डेन्व्हरला जातो.
त्याच्या गाडीचा काटा म्हणतो पाचशे एकसष्ट,
माझं मशीन म्हणतं पाचशे अडतीस.
मशीन खोटं बोलत नाही,
ते फक्त या गावच्या पोस्टापासून
त्या गावच्या पोस्टापर्यंत दोरा ताणून मोजतं.
ऑर्विलने जन्मात कुणाचं पत्र पोचवलेलं नाही.
तो गोठवलेलं मांस पोचवतो,
आणि गोदामं काही पोस्टाशेजारी नसतात.
मधले तेवीस मैल कुणाच्या बापाचे,
हे त्याने इतक्या वर्षांत एकदाच विचारलं,
तेही नाताळच्या जेवणात, हसत हसत,
बटाटे वाढून घेताना.

अब्दिरशीद दर आठवड्याला विचारतो.
त्याची वही असते. पेन्सिलीने लिहिलेली,
कारण गाडीत रात्री पेनातली शाई थिजते.
कत्तलखान्याचं फाटक: आलो पहाटे ४.१०.
दाराशी लागलो ७.३५. निघालो १०.५०.
पहिले दोन तास धर्मादाय, मी त्याला समजावते,
पुढच्या तासांवर तिथल्या कारकुनाची सही हवी,
आणि तो कारकून सही करत नाही,
हेही मीच समजावते.
तो म्हणतो, बाई, चार वर्षं मी आत होतो,
सुरीच्या पट्ट्यावर.
तेव्हा पट्टा बंद पडला तरी पैसे चालू असायचे.
आता त्याच भिंतीच्या बाहेर, त्याच मांसासाठी उभा राहतो
तर मी कामावर नाही म्हणता.
मग मी आहे कुठे?

मी त्याला कॉफी देते. कॉफीला रकाना आहे.

रेडिओवरची जाहिरात माझ्याच हातची:
आसपासच्या फेऱ्या, दर शनिवारी घरी.
यात खोटं काही नाही.
शनिवार रात्री बारापर्यंत असतो.

भिंतीवर किल्ल्यांच्या चाळीस खुंट्या.
नाव चिकटपट्टीवर लिहायचं, पट्टी खुंटीखाली डकवायची,
माणूस गेला की त्यावर दुसरी.
सात नंबरचा थर आता बोटाएवढा जाड झालाय.
सोलत गेलं तर खाली कुठेतरी
माझ्या नवऱ्याचं नाव लागेल.
तो फार्गोला असतो.
मैलामागे दोन सेंट जास्त मिळत होते.

गेल्या रविवारी मी माझी जुनी गाडी काढली,
काटा शून्यावर आणला आणि पोस्टापासून
कत्तलखान्याच्या फाटकापर्यंत गेले.
सहा मैल आणि वर थोडं.
परत येताना पुन्हा मोजलं, न जाणो.
मालकांना सांगितलं.
ते म्हणाले, व्हर्ना, रविवारी विश्रांती घेत जा.

आज पावणेतीनला फोन.
ऑर्विल. बाहेर उणे एकवीस.
इंजिन चालू ठेवलं तर डिझेलचा बोनस कापला जातो,
म्हणून बंद करून बसलाय, दोन ब्लँकेटांत.
दार कधी मिळेल? माहीत नाही.
पाठीमागे कुणीतरी हॉर्न वाजवतंय.
मग म्हणाला, लिहून ठेव.
काय लिहू?
ते तू बघ, म्हणाला, कारकून तू आहेस.

तीन वाजून गेले.
मैलांच्या रकान्यात मी पाचशे अडतीस टाकले,
मग खोडून पाचशे एकसष्ट.
मशीनने तांबडा दिवा लावला
आणि विचारलं, खात्री आहे का?
बोट बटणावर आहे.
खिडकीबाहेर सात नंबरची गाडी आत वळते आहे,
चालवणारा नवा आहे,
त्याचं नाव अजून मला नीट लिहिता येत नाही.